जपानी शिकवायला उभे राहताय? मराठी हाताशी ठेवा

जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची एन-थ्री किंवा एन-टू पातळी झाली, ओळखीतल्या कुणीतरी "आमच्या मुलीला शिकवाल का?" विचारलं, आणि बघता बघता घरच्या हॉलमध्ये सहा-आठ जणांची बॅच बसू लागली. पुण्यात तरी जपानीच्या बऱ्याच शिक्षकांची सुरुवात अशीच होते. हा लेख अशा नव्यांसाठी. व्याकरणाचे नियम तुम्हाला येतात, पाठ्यपुस्तक बाजारात मिळतं. पंचाईत होते ती वर्गातल्या एखाद्या चौकस मुलीमुळे. ती दर नियमाला "पण असं का?" विचारते. "जपानीत तसंच असतं" हे उत्तर एकदा खपतं, दुसऱ्यांदा नाही.

यातल्या बऱ्याच 'का'ला उत्तर असतं. कधी ते ध्वनिशास्त्रात सापडतं, कधी हजार वर्षांपूर्वीच्या इतिहासात, कधी जपानी माणसांच्या वागण्याबोलण्यात. आणि मराठी मुलांना ते इंग्रजीच्या वाटेने सांगायचं म्हणजे उगाच वळसा घालायचा. पुस्तकातलं इंग्रजी स्पष्टीकरण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या अडचणी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं असतं. आपल्या मुलांच्या अडचणी निराळ्या आहेत आणि त्यांच्या जमेच्या बाजूही निराळ्या आहेत.

(खाली जपानी शब्द देवनागरीत दिलेत. स्वर लांबवायचा तिथे अवग्रह, म्हणजे ऽ हे चिन्ह टाकलंय. तुम्हीही पहिले पंधरा दिवस फळ्यावर तसंच करा. का ते पुढे येईलच.)

पहिली पायरी: तक्ता पाठ करून घेण्याआधी समजावून द्या

पहिल्याच तासाला हिरागाना या जपानी अक्षरलिपीचा तक्ता भिंतीवर लावा आणि मुलांना फक्त ओळींची नावं वाचायला सांगा. आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. स्वर: आ, इ, उ, ए, ओ. मग शेजारी आपली वर्णमाला लिहा. अ, इ, उ, ए, ओ. क-वर्ग, च-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य, र, व. कुणीतरी ओरडतंच, "अहो, हे तर आपलंच आहे!"

आहेच. जपानी बौद्ध भिक्षू मंत्र नीट उच्चारता यावेत म्हणून संस्कृत आणि ते लिहायच्या सिद्धम् लिपीचा अभ्यास करत. शिंगोन पंथाचा संस्थापक कूऽकाइ ८०४ मध्ये चीनला गेला, तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला आणि ८०६ मध्ये परतला. या अभ्यासाच्या परंपरेतूनच पुढे जपानी अक्षरांची ही मांडणी आली. सिद्धम् अक्षरं जपानी स्मशानांतल्या लाकडी पट्ट्यांवर आजही लिहिली जातात. त्या पट्टीला म्हणतात सोतोबा, म्हणजे आपला स्तूप. तिचा फोटो वर्गात दाखवा, दोन मिनिटं पुरतात.

आता खरी गंमत. 'हा'ची ओळ 'ना' आणि 'मा' यांच्या मधे का? आपल्या हिशेबाने तिथे प हवा, कारण म हा प-वर्गाचा अनुनासिक. उत्तर असं की जपानीतला हा 'ह' एके काळी 'प'च होता. प-चा ओठांनी फुंकलेला 'फ' झाला आणि त्याचा पुढे 'ह'. ओकिनावाच्या दक्षिणेकडे, मियाको बेटांवर फुलाला अजून 'पाना' म्हणतात. तोक्योत ते 'हाना' झालंय. तसंच 'सा'ची ओळ बसली आहे ती च-वर्गाच्या जागी.

१५१६ च्या सुमाराचं एक कोडं यासाठी फार उपयोगी आहे. "आईशी दोनदा भेट होते, वडिलांशी एकदाही नाही. काय ते?" उत्तर: ओठ. आजच्या जपानीत आई म्हणजे 'हाहा' आणि वडील म्हणजे 'चिचि'. 'हाहा' म्हणताना ओठ एकदाही जवळ येत नाहीत, त्यामुळे कोडं सुटतच नाही. त्या काळी उच्चार 'फाफा' होता, हे लक्षात घेतलं की लगेच सुटतं. वर्गात सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून दोन्ही म्हणून बघायला लावा.

एवढी मेहनत कशाला? कारण पुढचे तीन प्रश्न यात आधीच मिटतात. 'हा'ला दोन टिंबं दिली की 'का'चा 'गा' होतो तसं काही न होता एकदम 'बा' का होतो (प-चा घोष ब, म्हणून). बाटल्या-पेन्सिली मोजताना इप्पोन, निहोन, साम्बोन (एक, दोन, तीन) असे तीन अवतार का. आणि 'वाताशि वा' (मी) मधला 'वा' लिहिताना 'हा' का लिहायचा. शब्दाच्या मधल्या जुन्या प-चा पुढे व झाला, १९४६ च्या लेखनसुधारणेत बाकी शब्दांचं लेखन उच्चाराप्रमाणे बदललं, पण 'वा', 'ए', 'ओ' हे प्रत्यय जुन्या रूपात राहू दिले. पाठ करायचे तीन अपवाद एका गोष्टीत गुंफले गेले.

दुसरी पायरी: कान तयार करा

मराठी तोंडाला जपानी फारसं अवघड जात नाही. 'त्सु' शिकवताना 'त' आणि 'सु' जोडत बसू नका. 'चुना' म्हणताना जो दंत्य च येतो तोच हा. 'त्सुनामी' म्हणजे चुन्यातल्या च-ने सुरू होणारं 'चुनामी'. 'चि' मात्र चिंचेतला. तसंच 'झु' साधारण 'जुना'मधल्या ज-सारखा आणि 'जि' जिऱ्यातला. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही हे लगेच कळतं, कारण घरी बोलतात ते मराठीच.

जपानी 'न्' म्हणजे आपला अनुस्वार. अंबा, अंत, अंक म्हणून बघा. पुढच्या व्यंजनाप्रमाणे म्, न्, ङ् होतो. शिम्बुन (वर्तमानपत्र), ओन्ना (बाई), गिङ्कोऽ (बँक) यांत अक्षर एकच आहे. नियम सांगायचीसुद्धा गरज नाही, नुसतं "अनुस्वारासारखं" म्हणा.

अडचण आहे ती मात्रांची, आणि इथे भरपूर वेळ द्या. देवनागरीत ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ असा भेदच नाही. त्यात बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ बहुधा शब्दातल्या जागेवरून ठरवतो, अर्थ त्यावर क्वचितच अवलंबून असतो. जपानीत अर्थच बदलतो. कोको म्हणजे इथे, कोऽकोऽ म्हणजे उच्च माध्यमिक शाळा. बिरु म्हणजे इमारत, बीऽरु म्हणजे बिअर. ओबासान म्हणजे काकू-मावशी, ओबाऽसान म्हणजे आजी. चाळिशीतल्या बाईंना चुकून 'ऽ' लावलात तर काय होईल ते मुलांना सांगा. ती जोडी पुन्हा कुणी विसरत नाही.

उपाय आपल्याकडे आयता आहे. शाळेत वृत्तं शिकताना मात्रा मोजलेल्या असतातच. जपानीत प्रत्येक मात्रेला एक टाळी: तो-ऽ-क्यो-ऽ चार, नि-हो-न् (जपान) तीन, नि-प्-पो-न् चार, से-न्-से-इ चार. हायकूचे ५-७-५ मोजायचे तेही असेच. फक्त एक सावधगिरी. मराठी छंदात ए-ओ नेहमी गुरू धरतात, जपानीत ते ऱ्हस्व असू शकतात. म्हणून 'निहोन'ला सवयीने चार टाळ्या पडतात. तिथे थांबवा, हळू म्हणवून घ्या, पुन्हा मोजा.

जोडाक्षराआधीचा ठेकाही टाळीनेच पक्का होतो: 'किते' (ये) आणि 'कित्ते' (पोस्टाचं तिकीट).

सुरांचा चढउतार, म्हणजे 'हाशि' शब्दाचा पहिला स्वर वर गेला की जेवणाच्या काड्या आणि दुसरा गेला की पूल, हा विषय पहिल्या महिन्यात नुसता दाखवून सोडून द्या. ओसाकाकडे हाच शब्द वेगळ्या सुरात म्हणतात. ज्यांना रस आहे त्यांना ओजॅड हा ऑनलाइन उच्चारकोश दाखवा.

अवग्रहाची देवनागरी पंधरा दिवसांनी बंद. सोळाव्या दिवशी फळ्यावर फक्त काना, म्हणजे जपानी अक्षरं. मुलं कुरकुरतील, कुरकुरू द्या.

तिसरी पायरी: वाक्य मराठीवरून उतरवा, पण खड्डे दाखवून

'वाताशि वा गोहान ओ ताबेमासु.' मी भात खातो. क्रम तोच, क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. कारा म्हणजे पासून, मादे म्हणजे पर्यंत, नो म्हणजे चा-ची-चे, आणि तेही लिंगवचनाच्या कटकटीशिवाय. प्रश्नाला शेवटी 'का', अगदी आपल्यासारखा. मुलं खूश होतात आणि कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज घेऊन येतं की जपानी भारतातूनच निघाली. तिथे स्पष्ट सांगा: 'का'चं साम्य हा योगायोग आहे आणि शब्दक्रमाचं साम्य जगातल्या कितीतरी भाषांत सापडतं. ओनो सुसुमु या जपानी अभ्यासकाने जपानीचं तमिळशी नातं जोडायचा प्रयत्न केला होता. बहुतेक भाषावैज्ञानिकांनी तो मान्य केलेला नाही. साम्य शिकवायला वापरायचं, नातं सांगायला नाही.

मराठीचा सगळ्यात मोठा फायदा 'वा' आणि 'गा' हे प्रत्यय शिकवताना होतो. इंग्रजीतून शिकलेली मुलं हमखास 'मांगोऽ ओ सुकि देसु' म्हणतात, कारण डोक्यात कर्म बसलेलं असतं आणि 'ओ' हा कर्माचा प्रत्यय. मराठीत बघा: 'मला आंबा आवडतो.' आवडतो कोण? आंबा. क्रियापद आंब्याप्रमाणे चालतंय. म्हणून आंब्याला 'गा': 'वाताशि वा मांगोऽ गा सुकि देसु.' याच साच्यात 'मला जपानी समजतं' (निहोंगो गा वाकारिमासु), 'मला पोहता येतं', 'मला गाडी हवी आहे', 'माझं डोकं दुखतंय' असं सगळं बसतं. 'वा' म्हणजे "अमक्याचं म्हणाल तर". 'झोऽ वा हाना गा नागाइ': हत्तीचं म्हणाल तर, सोंड लांब. हे वाक्य फळ्यावर आठवडाभर राहू द्या.

नामाआधीचं विशेषणवाक्य, ज्याला इंग्रजी बोलणारे महिनाभर घाबरतात, आपल्याकडे अर्ध्या तासाचं काम आहे. 'किनोऽ कात्ता होन', काल घेतलेलं पुस्तक. 'आशिता इकु हितो', उद्या जाणारा माणूस. -लेला आणि -णारा. फक्त 'जे पुस्तक मी काल घेतलं, ते' अशा जो-तो वाक्यांपासून मुलांना दूर ठेवा, नाहीतर जपानीतही ती 'जो' शोधत बसतात.

खड्डे कुठे आहेत? आपलं -त. 'घरात आहे' आणि 'घरात जेवतो' दोन्हींना मराठीत -त लागतो. जपानीत असण्याला 'नि', कृतीला 'दे'. 'असणे' हे क्रियापदही आपल्याकडे एकच. तिथे सजीवाला 'इमासु', निर्जीवाला 'आरिमासु'. हे दोन्ही नियम बडबडून कळत नाहीत. घरातल्या वीस गोष्टी घ्या, मांजरापासून मिक्सरपर्यंत, आणि कुठे आहे ते विचारत सुटा.

चौथी पायरी: 'ते'-रूप

क्रियापदाच्या या रूपाला पाठ्यपुस्तकं गाणं लावून देतात. गाणं चालेल, पण आधी कारण सांगा. जुनी रूपं सरळ होती: काकिते, योमिते, तोरिते. बोलता बोलता ती घासली आणि काइते, योन्दे, तोत्ते झाली. वाक् + ईश चा वागीश होतो हे शिकलेल्या मुलांना म-नंतरच्या ते-चा दे झाला तर धक्का बसत नाही.

अर्थासाठी एकच प्रत्यय सांगा: -ऊन. आणि मग या जोड्या समोर ठेवा.

ताबेते मिरु: खाऊन बघणे (मिरु म्हणजे बघणे).
काइते ओकु: लिहून ठेवणे (ओकु म्हणजे ठेवणे).
ताबेते शिमाउ: खाऊन टाकणे.
इत्ते कुरु: जाऊन येणे.

शेवटच्यावरून घराबाहेर पडताना जपानी माणूस 'इत्ते किमासु' म्हणतो. आपण दारातून "जाऊन येतो गं" म्हणतो तेच. इंग्रजीत याचा अर्थ समजावून सांगायला परिच्छेद लागतो.

'-ते इरु' शिकवताना 'करत आहे' एवढंच सांगून थांबू नका. मराठीतला 'बसलाय' आठवा. बसण्याची क्रिया झाली, स्थिती चालू आहे. 'सुवात्ते इरु' म्हणजे बसलाय, 'केक्कोन शिते इरु' म्हणजे लग्न झालेलं आहे, 'तोऽक्योऽ नि इत्ते इरु' म्हणजे तोक्योला गेलाय, जातोय असं नाही. शेवटचं उदाहरण परीक्षेत हटकून फसवतं.

पाचवी पायरी: कांजीला घाबरवू नका

२०१० पासून रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, २,१३६ आहेत आणि प्राथमिक शाळेत त्यातल्या १,०२६ शिकवतात. हा आकडा पहिल्या दिवशी सांगू नये असं माझं मत. त्याआधी मुलांच्या मनातला प्रश्न सोडवा: एकाच अक्षराचे इतके उच्चार कशाला?

आपल्याकडे हात आहे आणि हस्तही आहे. हातमाग म्हणतो, पण हस्ताक्षर. जपानीत हाताच्या अक्षराला स्वतःचा देशी शब्द 'ते' (तेगामि, पत्र) आणि चिनीतून आलेला 'शु' (शुजुत्सु, शस्त्रक्रिया, काशु, गायक). सुटा, घरगुती शब्द असेल तर बहुधा देशी उच्चार. दोन कांज्या जोडून झालेला भारदस्त शब्द असेल तर बहुधा चिनी. तद्भव-तत्समाची जाण असलेल्या मुलाला हा अंदाज लवकर साधतो.

चिनी उच्चारांतही थर आहेत, कारण अक्षरं एकदाच आली नाहीत. पहिली लाट कोरियामार्गे, बौद्ध ग्रंथांबरोबर. दुसरी तांग राजवटीच्या काळात चीनला गेलेल्या दूतांबरोबर. तिसरी बरीच नंतर, झेन भिक्षूंबरोबर. 'जाणे' या कांजीचा उच्चार पहिल्या थरात ग्योऽ (ग्योऽरेत्सु, मिरवणूक किंवा रांग), दुसऱ्यात कोऽ (गिङ्कोऽमधला), तिसऱ्यात आन् (आन्दोन, कागदी दिवा). हे एकच उदाहरण तासाला सांगा आणि पुढे व्हा. इतिहास फोडणीपुरता, तासभर इतिहास सांगितलात तर मुलं भारावून घरी जातील आणि शब्द एकही आठवणार नाही.

वारांची कांजी मात्र आवर्जून अशी शिकवा. सूर्य, चंद्र, अग्नी, पाणी, लाकूड, धातू, माती. मंगळाला जपानीत अग्नितारा, बुधाला पाणतारा, गुरूला लाकूडतारा, शुक्राला धातुतारा, शनीला मातीतारा म्हणतात. म्हणजे रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि, क्रम जसाच्या तसा. बौद्ध ज्योतिषग्रंथांतून ही वारांची गणना कूऽकाइच्या काळातच जपानात पोचली होती. रोजच्या व्यवहारात ती एकोणिसाव्या शतकात, मेइजी काळात रुळली. पाच मिनिटांत सात कांज्या.

परकीय शब्द लिहायच्या काताकाना लिपीच्या तासाला गोव्याची गोष्ट सांगा. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. १५४९ मध्ये गोव्याहून निघालेला फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरला. त्याच्याबरोबर आंजिरोऽ नावाचा जपानी माणूस होता, ज्याचा बाप्तिस्मा गोव्यातच झाला होता. पोर्तुगिजांकडून आपण पाव घेतला, जपान्यांनी 'पान्'. आपण तंबाखू, त्यांनी 'ताबाको'. जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये झेवियरचं शव बघून आलेली मुलं वर्गात असतातच.

सहावी पायरी: 'आपले' आणि 'बाहेरचे'

नोकरीसाठी शिकणाऱ्यांचं घोडं इथे अडतं. आदरार्थी बोलणं आपल्याला नवीन नाही. तू, तुम्ही, आपण आहेच. पण आपला आदर माणसाला चिकटलेला असतो. साहेब ते साहेब, कुणाशीही बोला. ग्राहकाचा फोन आला तर आपण म्हणतो, "साहेब जागेवर नाहीत." जपानी कंपनीत बाहेरच्याशी बोलताना साहेब 'आपल्यातले' होतात, म्हणून नावामागचं आदरार्थी 'सान' गळतं आणि क्रियापद नम्र होतं: 'तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु' (तानाका आत्ता जागेवर नाही). स्वतःच्या साहेबाला नुसतं तानाका म्हणताना मराठी जीभ अक्षरशः अडखळते. दोन मुलांना पाठमोरं बसवा, एक ग्राहक, एक कर्मचारी, मोबाइल कानाला, आणि अडखळणं संपेपर्यंत हा एकच फोन करवून घ्या.

घरातही तेच. स्वतःचे वडील बाहेरच्यासमोर 'चिचि', दुसऱ्याचे 'ओतोऽसान'. देण्याची क्रियापदंही याच रेषेवर बेतलेली: आपल्याकडून बाहेर जातं ते 'आगेरु', बाहेरून आपल्याकडे येतं ते 'कुरेरु'. मराठीत दोन्ही 'देणे'. म्हणून आदरार्थी भाषा आणि देणं-घेणं हे पाठ्यपुस्तकात लांब लांब असलेले धडे शिकवताना एकमेकांची आठवण करून द्या. फळ्यावर एक वर्तुळ काढा, आत 'मी आणि माझे'. प्रत्येक वाक्यासाठी बाण कुठून कुठे जातो ते मुलांनी काढायचं.

'हाइ' (हो) बद्दलही आताच सांगा. समोरचा बोलत असताना जपानी माणूस मधे मधे 'हाइ, हाइ' करतो, तो नुसता हुंकार. गोष्ट ऐकताना आपण "हं… हं…" करतो तसा. मीटिंगमध्ये त्याला होकार समजून बसलेल्यांना नंतर त्रास होतो.

पुण्यात असाल तर एक तास सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात घ्या. ते ओकायामाच्या कोऽराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय. 'हाशि नो उए नि', 'इके नो माए नि' (पुलावर, तळ्यासमोर) हे शिकवायला पूल आणि तळं समोरच असतं.

मराठी कधी सोडायची

जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, पाच पातळ्यांवर, आणि पेपरात मराठी कुठेच नसते. म्हणून मराठीचा हात हळूहळू काढून घ्या. दुसऱ्या महिन्यापासून वर्गातल्या सूचना जपानीत: ऐका, पुन्हा म्हणा, पान उघडा. तिसऱ्या महिन्यापासून नवीन शब्दाचा अर्थ आधी चित्राने किंवा अभिनयाने, नाहीच जमलं तर मराठीत. व्याकरणाचं कारण मात्र शेवटपर्यंत मराठीतच सांगा, पण तासातली पाच-सात मिनिटंच, आणि तीही तासाच्या शेवटी. आधी वीस वाक्यं बोलू द्या. "असं का?" विचारणाऱ्या मुलीला त्या दिवशी सांगा, शेवटची पाच मिनिटं तुझी.